आनंद नव्वदच्या वर

जयवंतराव कोयंड्यांना नायगावच्या त्या बीडीडी चाळीत झाडून सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. ही पदवी चाळीने दिलेली, विद्यापीठाने नव्हे. विद्यापीठाच्या लेखी ते परळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ होते. तास झाला की सर, तास रद्द झाला की नुसतेच कोयंडे. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, आणि पीएच.डी.चं म्हणाल तर ती गेली बारा वर्षं ‘होत आली’ होती. दोनदा मुदतवाढ मिळाली. तिसऱ्या वेळी विद्यापीठाने कळवलं की ही शेवटची. सत्र संपायच्या आत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, विषय संपला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची नोंदणी एकदा गेली की पुन्हा कोणी उभं करत नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

या बारा वर्षांत तीन गाईड झाले. पहिले निवृत्त झाले. दुसरे मुलीचं बाळंतपण करायला म्हणून कॅनडाला गेले ते तिकडचेच झाले. तिसऱ्या डॉ. सुचित्रा मॅडम. प्रत्येक गाईडने विषय थोडासा बदलला आणि फॉन्ट पूर्ण बदलला. प्रबंध टाइप करायची ती दर्शना, जयवंतरावांची बायको. सकाळी डबे, दिवसभर दादरच्या पतपेढीत काउंटर, संध्याकाळी सासूच्या गुडघ्यांना तेल, आणि सगळं आटपलं की प्रबंध. पहिली चार प्रकरणं तिने तीन फॉन्टांत तीनदा टाइप केली आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. जयवंतराव हे भेटेल त्याला कौतुकाने सांगत. सांगताना आपण किती पारखून बायको केली याचा त्यांना आतून अभिमानही वाटे.

तर सुचित्रा मॅडम. बाई मॉडर्न. प्रश्नावल्यांचा गठ्ठा त्यांनी एका बोटाने बाजूला सारला आणि म्हणाल्या, “कोयंडे, प्रश्नावली कोण वाचतं आता? माणसं प्रश्नावलीत खोटं लिहितात. चेहरा खोटं बोलत नाही. चेहरा वाचणारं सॉफ्टवेअर आलंय, ते वापरा.”

सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं होतं आणि एक महिना फुकट वापरायला मिळत होतं, हा त्याचा जयवंतरावांच्या दृष्टीने सर्वांत शास्त्रीय गुण. माणसाला लॅपटॉपसमोर बसवायचं, काहीतरी दाखवायचं, आणि वरचा कॅमेरा त्याच्या भुवया, डोळे, नाक, ओठ यांवर नजर ठेवून क्षणाक्षणाला सांगणार की या गृहस्थाच्या चेहऱ्यावर आनंद इतके टक्के, दुःख इतके टक्के. असे सात कप्पे होते: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस आणि तिरस्कार. यातलं काहीच नसेल तर तटस्थ. माणसाच्या मनात आठवी गोष्ट असू शकते असं कंपनीला वाटलं नव्हतं.

विषय चाळीत तयारच होता. चाळ पाडायची ठरली होती. एकशे साठ फुटांच्या खोलीतून उठून टॉवरमध्ये जायचं, आणि कुठल्या मजल्यावर कोण याची सोडत तोंडावर आलेली. नव्या घराची चार मिनिटांची फिल्म सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. त्यात एक गोरीपान बाई रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून कारण नसताना हसते. ही फिल्म चाळीस रहिवाशांना दाखवायची आणि चेहरे मोजायचे. ‘नवीन घर पाहून रहिवाशांमध्ये आनंदाची भावना प्रबळ होते’ असं सिद्ध करायचं. याला हायपोथिसिस म्हणतात. म्हणजे जे आधीच ठरलेलं असतं ते.

पहिला धोंडा एथिक्स कमिटीचा. माणसांवर प्रयोग करायचा तर कमिटीची परवानगी लागते, आणि कॉलेजच्या कमिटीला आजवर फक्त प्राणिशास्त्राचे उंदीर माहीत. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक अध्यक्ष होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “हे आधी उंदरांवर केलंय का?”

“सर, नवीन घराची फिल्म आहे. उंदीर काय बघणार?”

“तेच विचारतोय. डायरेक्ट माणसं?”

कमिटीतल्या वकीलबाईंची वेगळीच शंका. फिल्म बघता बघता कोणाला दुःख झालं तर जबाबदार कोण? शेवटी ठरलं की प्रयोगाच्या जागी एक समुपदेशक, टिश्यू पेपरचा डबा आणि पिण्याचं पाणी ठेवायचं. माणसं बरोबर चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. समुपदेशक म्हणून जयवंतरावांनी स्वतःचीच नेमणूक केली. टिश्यूचा डबा पहिल्याच दिवशी संपला, कारण मंडळाच्या पोरांनी वडापाव खाऊन त्याला हात पुसले.

दुसरा धोंडा सह्यांचा. भाग घेणाऱ्याची लेखी परवानगी हवी. आता, ज्या चाळीत पुनर्विकासाची बोलणी वीस-वीस वर्षं चाललीत त्या चाळीत सही मागणं म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. इथली माणसं कुरियरवाल्यालाही वकिलाला विचारून सही देतात. शेजारच्या रामजीकाकांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, उजेडात धरला. गिरणीत जन्म गेलेला माणूस. ते म्हणाले, “प्रोफेसर, तुझ्यावर विश्वास आहे रे. पण कागदावर नाय.” शेवटी सही नको, ‘हो’ म्हणतानाचा आवाज रेकॉर्ड करा, यावर तडजोड झाली आणि ती कमिटीला पटवताना आणखी एक आठवडा गेला. फुकटच्या महिन्यातला.

प्रयोग मंडळाच्या खोलीत. गणपतीच्या मखराचे तुकडे, ढोल आणि कॅरमबोर्ड यांच्यामध्ये लॅपटॉप ठेवला. उजेड कमी पडला म्हणून मंडळाचा हॅलोजन लावला, तर समोर बसणारा प्रत्येक जण डोळे किलकिले करून भुवया आवळू लागला आणि मशीनने पहिल्या पाच जणांना एकजात राग दिला. हॅलोजन भिंतीकडे वळवला. मग बायका आल्या. कॅमेरा दिसताच त्यांचा हात आपोआप तोंडाकडे, पदर दातांत. मशीन म्हणालं, चेहरा सापडला नाही. कोळीणबाई गुणवंती तेवढी दणकून समोर बसली. ती नायगाव मार्केटात मासे विकायची आणि कॅमेऱ्यालाही गिऱ्हाईक समजायची. “घे रे, बघ काय बघायचंय ते!”

पण खरा घोटाळा पुरुषांनी केला. आकडे बघून जयवंतरावांना दरदरून घाम फुटला. तिरस्कार! रामजीकाकांचा ऐंशी टक्के. त्यांच्या पाठोपाठ बसलेल्यांचा सत्तर, पंच्याहत्तर. आनंदाचा कप्पा कोरडा ठणठणीत. एवढा तिरस्कार नवीन घराचा? त्यांनी कंपनीच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावला. अनिश नाव त्याचं, बंगळुरूला बसायचा.

“सर, ओठाचा एकच कोपरा ओढला गेला की सॉफ्टवेअर तिरस्कार पकडतं,” अनिश म्हणाला. “पार्टिसिपंटच्या तोंडात काही आहे का?”

आणि मग जयवंतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. तंबाखू! नायगाव म्हणा, डिलाईल रोड म्हणा, पन्नाशीपुढचा कोणता पुरुष एका गालात चिमूट धरल्याशिवाय चार मिनिटं स्वस्थ बसतो? अख्ख्या गिरणगावचा डावा गाल त्या सॉफ्टवेअरने जगाचा तिरस्कार म्हणून नोंदवला होता.

“तोंडात काही नको, सर,” अनिशने बजावलं.

“अहो, मग पार्टिसिपंटच यायचा नाही!”

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबाखू थुंकून बसायची अट घातली. परिणाम काय? तिरस्कार गेला आणि त्या जागी राग आला. रामजीकाका तर फिल्मकडे बघतच नव्हते, जयवंतरावांकडे बघत होते. “थुंकायला लावलंस,” ते बाहेर पडताना म्हणाले. “माझ्या बापाने कधी लावलं नव्हतं.”

आता इथे जयवंतरावांनी जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये. काकांना वाईट वाटू नये म्हणून ते जिन्यात गाठून म्हणाले, “काका, तुमचं चुकत नाही हो. मशीनच सांगतं की तुम्हाला तिरस्कार आहे.” समजूत घालायला गेले. काकांना एवढंच कळलं की आपल्याला जे वाटतं ते मशीनलाही कळलं, आणि त्यांना भयंकर समाधान वाटलं. चहाच्या टपरीवर त्यांनी सांगितलं, प्रोफेसरच्या मशीनने आपल्याला बरोबर पकडलंय, आपल्याला त्या टॉवरचा तिरस्कारच आहे!

अंधार पडायच्या आत चाळ कमिटीचे सेक्रेटरी मनूभाऊ जयवंतरावांच्या दारात हजर. पांढरा लिनन शर्ट, हातात दोन मोबाइल.

“सर, आणखी कोणाकोणाला तिरस्कार आहे? नावं द्या.”

“देता येत नाहीत. गोपनीयता असते.”

“म्हणजे बरीच आहेत.”

“तसं नव्हे हो, मनूभाऊ. शास्त्राचा नियम आहे तो.”

“बरीचच आहेत,” मनूभाऊ मोबाइलला म्हणाले आणि निघून गेले. जयवंतरावांनी दार लावलं. कोपऱ्यातल्या कॉटवरून त्यांची आई, रमाबाई, हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “मेल्या, लोकांची तोंडां बघण्यापरीस चार मुलांची शिकवणी घेतली असतंस तर?” स्वतःच्या आईसमोर कोणाचीही पीएच.डी. टिकत नाही.

दोन दिवसांत चाळीत बातमी पक्की झाली. कोणी पसरवली ते देव जाणे, पण माणूस न् माणूस शपथेवर सांगत होता: सोडत नावाला आहे, खरं काम मशीनवर चाललंय. ज्याचं तोंड पडलेलं दिसेल त्याला खालचा मजला, कचऱ्याच्या खोलीशेजारी. ज्याचं तोंड हसरं त्याला वरचा मजला, हवेशीर, आणि समुद्र दिसतो. ‘मशीन सरकारने बसवलंय, प्रोफेसर फक्त बटण दाबतात.’ जयवंतरावांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन खुलासा केला. त्यामुळे बातमी आणखी पक्की झाली, कारण काही नसतं तर हा माणूस दारोदार कशाला फिरला असता?

मग चाळीत हसण्याचे वर्ग सुरू झाले. हो, वर्ग! गुणवंतीच्या गॅलरीत. गुणवंतीला पहिल्या दिवशी मशीनने आनंद दिला होता, तेव्हापासून ती त्या विषयातली अधिकारी झाली होती. बाजारातून आली की टोपली बाजूला ठेवून बायकांना ओळीत बसवायची. “नुसते दात काढू नको गं. दात काय, बोंबलाला पण असतात. डोळे बारीक कर! गाल वर घे! नवरा चार दिवस गावाला गेलाय असं मनात आण!” बायका फिस्सकन हसत. “हां, हेच! हेच धरून ठेव!” पुरुष जिन्यात एकमेकांना पाठ करून सराव करत. सकाळी नळावर जाणारा पोलिसखात्यातला हवालदार स्वतःशीच डोळे बारीक करून हसताना दिसला तेव्हा जयवंतरावांना या शहराची भीती वाटली.

फुकटचा महिना संपत आलेला, प्रबंधाची तारीख डोक्यावर. त्यांनी फेरतपासणी लावली. माणसं अंघोळी करून, पावडर लावून, तोंडं स्वच्छ धुऊन आली. पुरुषांनी स्वतःहून तंबाखू थुंकली. समुद्र दिसणार म्हटल्यावर कोण थुंकणार नाही? आणि आकडे! आनंद एक्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाऐंशी, सत्त्याण्णव. लॅपटॉपचा पडदा हिरव्या रेषांनी भरून गेला. जयवंतरावांच्या मनात क्षणभर आलं की हे खरं नाही. पण चेहरा खोटं बोलत नाही, असं खुद्द गाईड म्हणाल्या होत्या. गाईडच्या पुढे जाऊन शंका घेणारा विद्यार्थी बारा वर्षांनी तेरावं वर्ष मागतो, हे जयवंतरावांइतकं कोणाला ठाऊक असणार?

एकटे रामजीकाका आले नाहीत. दारातूनच म्हणाले, “मी हसणार नाय. गिरणी बंद झाली तेव्हा पण गेटवर उभं करून ‘हसा जरा’ म्हणत आमचे फोटो काढले होते. तेव्हा हसलो मी. पुन्हा नाय.” आणि दार लोटून घेतलं. जयवंतरावांना ते बोलणं लागलं, पण लगेच दुसरं लागलं ते जास्त: एक माणूस कमी पडला. कमिटीचा आकडा चाळीस.

आईला बसवावं म्हटलं तर रमाबाई म्हणाली, “माका कित्याक? माझे दात नाय, मी हसतलंय कशी?” तरी धरून बसवलं. मशीनने खूप शोधलं आणि सांगितलं, चेहरा सापडला नाही. रमाबाईला त्याचा फार राग आला.

तेवढ्यात दर्शना पतपेढीतून आली. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. जयवंतराव म्हणाले, “अगं, जरा बस इथे. चार मिनिटं. फिल्म बघ.” तिने पिशवी पायाशी ठेवली, बसली, फिल्म बघितली, उठली आणि आईंना हाताला धरून घरी घेऊन गेली. चाळीस झाले. जयवंतरावांनी आकडे न बघताच फाइल मॅडमना पाठवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खूश होत्या. “कोयंडे, सुंदर निकाल! एवढा स्वच्छ डेटा मी आयुष्यात बघितला नाही. फक्त ही एक काय भानगड आहे?” त्यांनी पेनचं टोक शेवटच्या ओळीवर ठेवलं. दुःख, ब्याऐंशी टक्के. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सरळ रेष. हसऱ्या बाईचं स्वयंपाकघर आलं तरी ब्याऐंशी, बाल्कनी आली तरी ब्याऐंशी. “बाई आहे वाटतं. कोण आहे?”

“आहे चाळीतली एक,” जयवंतराव म्हणाले.

“डिप्रेशन वगैरे?”

“छे छे! चांगली आहे. एकदम चांगली आहे.”

“काढून टाकता येणार नाही, कमिटीला चाळीस हवेत. ठेवली तर परीक्षक हिच्यावरच प्रश्न विचारणार, आणि मग उत्तरं देण्यात तुमचे चार महिने जाणार, म्हणजे नोंदणी गेलीच समजा. तुमचं सॉफ्टवेअर कधी बंद होतंय?”

“उद्या.”

“मग आज परत घ्या तिची. काहीतरी एरर असेल.”

एररच असणार. बसमध्ये, वाहतुकीत अडकलेल्या परळच्या नाक्यावर, जयवंतराव स्वतःला हेच बजावत होते. हॅलोजन चुकला असेल. तिचा चेहराच तसा, जरा उतरता. कोयंड्यांकडे लग्न होऊन आली तेव्हापासून तसाच. तेव्हापासून? त्यांनी आठवून बघितलं. लग्नातला तिचा चेहरा त्यांना आठवेना. मुंडावळ्या आठवल्या, चेहरा नाही. मानसशास्त्राचा माणूस, आणि एक चेहरा आठवेना. चिडून ते एक स्टॉप आधीच उतरले.

दर्शना ओट्याशी मेथी निवडत होती. रमाबाईला डुलकी लागली होती. जयवंतराव खुर्ची ओढून बसले आणि घसा साफ करून, विद्यार्थ्याशी बोलावं तसं म्हणाले, “तुला ते नवीन घर आवडलं नाही का?”

“आवडलं की. बेसिन मोठं आहे.”

“मग तुझं दुःख का येतंय?”

“कुठे येतंय?”

“मशीनमध्ये. ब्याऐंशी टक्के.”

तिने मेथीची काडी मोडली. “दुःख नाही हो. दमलेय मी. बसले त्या खुर्चीत, आणि चार मिनिटं कोणी काही मागितलं नाही. त्यात चेहरा सैल पडला असेल.”

“पण दमणूक असा कप्पाच नाही त्यात,” जयवंतराव कळवळून म्हणाले. खरंच कळवळून, त्यांना त्या क्षणी कंपनीचा राग आला होता.

“बरं. मग तुम्हाला काय लागतंय?”

“आनंद.”

“किती?”

“नव्वदच्या वर गेला तर बरं होईल.”

“नाही गेला तर?”

जयवंतरावांनी सांगितलं. परीक्षक, नोंदणी, उद्याची तारीख, बारा वर्षं. सांगता सांगता त्यांना स्वतःची लाज वाटली. दर्शनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. यातला प्रत्येक शब्द तिने तीन फॉन्टांत टाइप केलेला होता. तिला नवीन काय होतं त्यात?

“भाजीला फोडणी देते आणि येते,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे, मशीन लावून ठेवा.”

मंडळाच्या खोलीत ती आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं आणि टिकली बदलली होती. खुर्चीत बसली, पदर सारखा केला. “कुठे बघू? इथे ना?” फिल्म सुरू झाली. आणि दर्शना हसली.

हिरवी रेष सरसर वर चढली. साठ, ऐंशी, नव्वद. चौऱ्याण्णव. बाल्कनीच्या वेळी शहाण्णव. चार मिनिटांत ती एकदाही खाली आली नाही. जयवंतरावांनी टेबलाखाली मूठ आवळली. वाचलो! बारा वर्षं वाचली! त्यांना वाटलं उठून ढोल बडवावा, तिथेच तर पडला होता. गुणवंतीच्या सगळ्या वर्गात एवढं निर्दोष हसू कोणाला साधलं नव्हतं, आणि दर्शना त्या वर्गाला एक दिवस गेली नव्हती. तिला वेळ कुठला?

रेकॉर्डिंग नीट झालंय का बघायला त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. पडद्यावर दर्शनाचा चेहरा मोठा दिसत होता. आधी ओठ फाकले, मग गाल वर गेले, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या, मान किंचित डावीकडे कलली. जयवंतरावांना हे हसू ओळखीचं वाटलं. त्यांनी थांबवून मागे नेलं, पुन्हा बघितलं. ओठ, गाल, डोळे, मान. त्याच क्रमाने. कुठे बघितलंय हे? आणि एकाएकी त्यांना आठवलं.

रोज बघितलं होतं. रोज संध्याकाळी कॉलेजातून येऊन ते दार वाजवत, ती दार उघडे आणि असंच हसे. ओठ, गाल, डोळे, मान डावीकडे. ज्या दिवशी पहिली मुदतवाढ मागावी लागली त्या दिवशीही हसली होती, दुसरीच्या दिवशीही. त्या हसण्याच्या भरवशावर ते चाळीचे जिने चढत आले होते. जगात कुठे किंमत नसली तरी एका माणसाला आपण घरी आल्याचा आनंद होतो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पडद्यावर कोपऱ्यात आकडा होता, शहाण्णव. त्यांनी सातही कप्पे पुन्हा उघडून बघितले. त्यांना जे हवं होतं ते कुठल्याच कप्प्यात लिहिलेलं नव्हतं.

“आलं का?” दर्शनाने विचारलं. ती हॅलोजनची वायर गुंडाळत होती.

“आलं.”

“किती?”

“शहाण्णव.”

“चला, सुटलो,” ती म्हणाली. “आई उठल्या असतील.”

प्रबंध वेळेत गेला. मॅडमनी परीक्षकांकडे पाठवला, परीक्षकांनी डेटाच्या स्वच्छतेबद्दल खास शेरा लिहिला, आणि मनूभाऊंनी न विचारता नोटीस बोर्डावर ‘डॉ. जयवंत कोयंडे यांचे हार्दिक अभिनंदन’ असा कागद लावला. पदवी अजून हातात यायची होती, पण चाळीला तेवढा धीर कुठला? रामजीकाका तेवढे येऊन हात हातात घेऊन गेले.

पण हे सगळं नंतरचं. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी जयवंतराव संध्याकाळी कॉलेजातून आले, दोन जिने चढले आणि आपल्या दारासमोर उभे राहिले. आत कुकरची शिट्टी झाली, रमाबाई काहीतरी पुटपुटली. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. धीर होईना. शेजारून गुणवंती रिकामी टोपली घेऊन जात होती. ती म्हणाली, “काय प्रोफेसर, घर चुकलं काय?” ते काहीतरी हो-नाही म्हणाले. गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहावं, तिला जरा बसू द्यावं, अजून थोडा वेळ कोणी आलं नाही असं तिला वाटू द्यावं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते वळले. पण तेवढ्यात आत तिला त्यांच्या चपलांचा आवाज लागला असावा. हातातलं भांडं ओट्यावर ठेवल्याचं ऐकू आलं, मग पावलं, मग एक क्षण काहीच नाही. मग कडी सरकली.

“आलात?” दर्शना हसून म्हणाली.